आजोबांच्या हातातला फुगा

एर्लांगेन, २३ नोव्हेंबर

प्रिय निशी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावून घेते. माझा क्रम हाच असतो हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. मागच्या शनिवारी बर्लिनच्या स्टेशनवर मला गाडीत बसवताना तू तुझ्या जर्मनमध्ये विचारलंस, आवडलं का कॉलेज, आणि मी माझ्या मराठीत म्हणाले, बघू. आपल्या दोघींची बोलण्याची रीतच ती. तू माझं सगळं समजतेस आणि उत्तर तुझ्या भाषेत देतेस. मी तुझं निम्मं समजते आणि उत्तर दुप्पट देते. पण त्या ‘बघू’त उत्तर नव्हतं. ते आता देते. नीट ऐक.

पहिलं म्हणजे तुझं कॉलेज कॉलेजसारखं दिसत नाही. बंद पडलेल्या पावाच्या कारखान्यात तीनशे मुलं आणि पंचवीसेक शिक्षक. फाटक नाही, शिपाई नाही, नावाची पाटी जेमतेम पाटावरच्या रांगोळीएवढी. पाहुण्यांचा दिवस म्हणून बोलावता आणि चहा देता तो दुधाशिवाय. तुझे यंत्रांचे सर कोपरावर फाटलेला स्वेटर घालून आले होते आणि मुलं त्यांना नुसतं ‘यान’ म्हणत होती. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस दारात दिसली की आम्ही उभ्या राहायचो आणि तिने बसा म्हणेपर्यंत श्वास सोडत नसू. भिंतीवर तुमचं वेळापत्रक होतं, ते मी चष्मा लावून वाचलं. सोमवारी लोखंड किती ताण सोसतं, मंगळवारी ग्रीक नाटक, बुधवारी विजेची सर्किटं, गुरुवारी आजारी माणसांनी लिहिलेली पत्रं. मनात म्हटलं, ही तर भेळ आहे. भेळ चवीला बरी असते, पण पूल भेळेचा बांधत नाहीत.

मग तू मला तुमच्या वाचनालयात नेलंस, आणि तिथे माझी बोलती थोडी कमी झाली. मी तेहतीस वर्षं पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची ग्रंथपाल होते, हे तुला माहीत आहे. हे माहीत नसेल की आमच्या मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं. एका जुन्या प्राचार्यांच्या पत्नीने त्यांच्यामागे दिलेल्या कादंबऱ्या, नाटकं, चरित्रं. तेहतीस वर्षांत त्या कपाटातलं पुस्तक घरी नेलेल्या मुलांची नावं मला आजही सांगता येतात, कारण ती अकरा होती. तुझा पापा चार वर्षं त्याच कॉलेजात शिकला, रोज माझ्या टेबलाशी बसून डबा खाल्ला, आणि चारही वर्षं त्या कपाटाकडे पाठ करून खाल्ला. दर शनिवारी मी ती पुस्तकं पुसायचे. निवृत्त झाले त्या दिवशी किल्ली दिली तेव्हा नव्या ग्रंथपालाने विचारलं, मॅडम, हे कपाट हलवलं तर तिथे झेरॉक्सचं मशीन बसेल ना? बसेल म्हटलं. काय सांगणार.

तुमच्या वाचनालयात एकाच टेबलावर एका मुलीने पंपांचं जाडजूड पुस्तक उघडून ठेवलं होतं, आणि त्याच्या पानांत खूण म्हणून एक नाटक खुपसलं होतं. पुस्तकात पुस्तक खुपसलं तर बांधणी सैल होते, हे मी तिला सांगितलंही. पण मी खूप वेळ तिथेच उभी होते. तुझ्या नावावर काय काय आहे ते मी तिथल्या बाईंना विचारलं, सवय जात नाही. तिने ‘डाटेनशुट्झ’ म्हणून मान हलवली. म्हणजे दुसऱ्याची माहिती कुणाला द्यायची नाही, असा इथला कायदा. मी इंग्रजीत म्हटलं, अहो, मी आजी आहे तिची. ती म्हणाली, म्हणूनच. ती बाई मला आवडली.

आता आपल्या घरातलं. मागच्या वर्षी तुला आखनच्या विद्यापीठातही जागा मिळाली होती. तुझ्या पापाने ते पत्र फोटो काढून पुण्यापासून टोरांटोपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. तो स्वतः तिथे शिकला, कुठल्या बसने जायचं, कुठल्या हॉस्टेलच्या मागे स्वस्त तांदूळ मिळतात, सगळं तुला सांगून झालं होतं. आणि मग त्या रविवारी जेवताना तू म्हणालीस की तू आखनला जाणार नाहीस, बर्लिनच्या त्या चिमुकल्या कॉलेजात जाणार, जिथे इंजिनिअरिंग आहे पण त्याच्याबरोबर बाकीचंही आहे. पापाने काही बोलायच्या आत मी बोलले. म्हणाले, आता काय शिवणाच्या क्लासात ऑपरेशन शिकायचं का? सगळे हसले. तू सोडून. त्या हसण्याने तुझ्या पापाला जोर आला. तो म्हणाला, इंजिनिअर व्हायचं असेल तर आखन, गोष्टी सांगायच्या असतील तर बर्लिन. आणि बर्लिनला गेलीस तर पुन्हा मला इंजिनिअरिंगचं एक अक्षर विचारायचं नाही. तू ‘गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर’, एवढंच म्हणालीस आणि ताट उचलून आत गेलीस. चौदा महिने झाले. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतात तेच मुळी यंत्रांवर. सायकलच्या चेनपासून चंद्रावरच्या गाडीपर्यंत. तो विषय काढून घेतल्यावर वाढदिवसाचा फोन दीड मिनिटात संपतो. तुझ्या आईने मध्ये पडून पाहिलं, आता तीही दमली. ती मला सकाळी कॉफी देताना नुसती खांदे उडवते.

एवढ्याशा कॉलेजवरून माणूस चौदा महिने पेटत नाही. मला त्याचं मूळ ठाऊक होतं, आणि तुलाही अर्धं ठाऊक आहे. मागच्या वर्षीचा मार्च. आजोबांच्या पोटाचा एमआरआय. ज्या जातीच्या यंत्रावर तुझ्या पापाने अकरा वर्षं काम केलं, त्याच जातीचं ते यंत्र. इस्पितळात त्याला सगळे ओळखत होते, म्हणून त्याला काचेपलीकडच्या खोलीत बसू दिलं आणि मला दारात उभं राहू दिलं. तू कानातले काढून, कानात बोळे घालून आत आजोबांच्या पायाशी बसलीस. धातू चालत नाही म्हणून त्यांच्या कानातली ऐकायची यंत्रं काढून मी पर्समध्ये ठेवली. पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं प्रेसच्या धडधडीत काढलेला माणूस तो, त्या यंत्रांशिवाय कानाशी ओरडलं तरी त्याला नुसता आवाज कळायचा, शब्द नाही. आणि त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवून त्यातून एक बाई जर्मनमध्ये सांगणार, श्वास घ्या, धरा, सोडा. जगातली सगळी हुशार डोकी त्या खोलीत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्यांच्या हातात एक रबरी फुगा दिला होता, लिंबाएवढा. घाबरलात तर दाबा, बाहेर घंटा वाजेल. आजोबांनी तो तीनदा दाबला. तीनदा घंटा वाजली. पडद्यावर चित्रं पुसट येत होती, कारण ते चुकीच्या वेळी श्वास घेत होते. तुझा पापा पडद्याकडे बघत होता, काचेकडे नाही. आणि मग त्याने माइक ओढला आणि म्हणाला, “बाबा, पंधरा सेकंद. फक्त पंधरा सेकंद श्वास धरायचाय. एवढं साधं जमत नाही तुम्हाला?” जन्मात बापाला वर तोंड करून न बोललेला मुलगा. तू आत होतीस, बोळे घातलेले, तू ते ऐकलं नसशील. मी ऐकलं. बोलून झाल्यावर त्याचं तोंड उतरलं तेही पाहिलं. पण शब्द काही फुग्यातली हवा नव्हे, परत भरता येत नाही.

पुढचं तू केलंस. तुला कुणी सांगितलं नव्हतं. काचेतून त्या सूचना देणाऱ्या बाईने बोटाने खूण केली की तू आजोबांचा घोटा घट्ट दाबायचीस, आणि दुसरी खूण झाली की सोडायचीस. दाबलं की धरा, सोडलं की सोडा. एका दमात कळलं त्यांना. कारखान्यात आयुष्यभर हाताच्या खुणांनीच बोललेला माणूस. चित्रं स्वच्छ आली. त्या स्वच्छ चित्रांत जे दिसलं, त्याने नऊ आठवड्यांत त्यांना नेलं, तो भाग वेगळा. तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस आणि बारावीच्या परीक्षेत होतीस, आणि मला वाटलं होतं तू ते विसरलीस.

शनिवारी त्या पावाच्या कारखान्यात, जिथे पूर्वी पीठ मळत असतील तिथल्या लांब टेबलावर, तू माझा हात धरून एका रबरी फुग्यावर ठेवलास. लिंबाएवढ्या. तो आपोआप फुगला आणि माझ्या तळहाताला दाबू लागला. मी काही न ठरवता श्वास घेतला. तो थांबला, मी थांबले. तो मऊ पडला आणि माझा श्वास सुटला. यान सरांनी आलेल्या मंडळींना समजावून सांगितलं की रोग्याने बाहेर घंटा वाजवायचा फुगा आधीपासून आहे. या मुलीने विचारलं की तो उलटा का नाही, बाहेरच्या माणसाला आतल्या हाताशी बोलता का येऊ नये. म्हणून ती एका सत्रात हवेचे पंप शिकली, आणि त्याच सत्रात बहिरी-आंधळी माणसं हाताने कशी वाचतात ते शिकली, आणि आजाऱ्यांची पत्रंही वाचली. मी ऐकत होते. माझा हात अजून फुग्यावरच होता. तो पुन्हा फुगला तेव्हा मी तिथे रडले असते, पण कॉन्व्हेंटच्या मुली चारचौघांत रडत नाहीत, त्या टेबलाची धूळ पुसतात. तीच मी पुसली.

तेवढ्यात तो टाय लावलेला डॉक्टर आला. त्याने सांगितलं, जानेवारीत आमच्या इस्पितळातल्या यंत्रावर वापरून बघू, पण यात लोखंडाचा कण असता कामा नये, चुंबक ओढून घेईल. तुझा चेहरा पडला. नळी लांब ठेवली तर हवा उशिरा पोचते, म्हणून व्हॉल्व्ह हाताजवळच हवा, आणि त्या व्हॉल्व्हमध्ये पोलादाची बारीक स्प्रिंग आहे. दुसऱ्या धातूची घातली की ती शंभरेक वेळा दाबून ढिली पडते, असं तू म्हणालीस. पंधरा डिसेंबरपर्यंत पक्का नमुना दिला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. डॉक्टर गेल्यावर तू स्वतःशीच म्हणालीस, पापाला माहीत असेल. जर्मनमध्ये म्हणालीस, पण एवढं जर्मन मला कळतं.

घरी आल्यावर मी तुझ्या पापाला वाढता वाढता सांगितलं की पोरीच्या व्हॉल्व्हमधली स्प्रिंग टिकत नाही. तो वरण कालवत होता, हात थांबला. विचारलं, “तार किती जाडीची?” म्हटलं, मला काय विचारतोस, तिला विचार. म्हणाला, “तिने विचारलं तर सांगेन.” म्हटलं, विचारायचं नाही हे फर्मान कुणी काढलं होतं? “आई, जेवू दे,” म्हणाला, आणि न जेवताच उठून खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेला. दुसऱ्या दिवशी मी तळघरात माझी मोठी बॅग काढायला गेले, तर त्याच्या कामाच्या फळीवर स्वच्छ फडकं पसरलेलं आणि त्यावर तांबूस पितळी रंगाच्या सात स्प्रिंगा, सगळ्यांत बारीक ते सगळ्यांत जाड, ओळीने मांडलेल्या. शेजारी लाकडाचा ठोकळा, त्यावर पेन्सिलीने चारशे, आठशे, बाराशे असे आकडे. दाबून दाबून मोजत बसला होता. मी बॅग घेतली आणि दिवा बंद करून वर आले. मी हे पाहिलं ते त्याला माहीत नाही.

म्हणून माझं उत्तर. कॉलेज गबाळं आहे, चहा वाईट आहे, आणि तू योग्य जागी शिकते आहेस. शिवणाच्या क्लासचं जे मी बोलले ते मी परत घेते. माझ्या काचेच्या कपाटाची किल्ली तेहतीस वर्षं माझ्याच कमरेला होती आणि मीच हे बोलावं, याची मला लाज वाटते. हसणारे हसले आणि विसरले, पण भांडणाची काडी मी ओढली. मी मंगळवारी पुण्याला परत जाते आहे, कायमची. सरितामावशीने खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली आहे. इथे आजोबांची खुर्ची रोज बघण्यापेक्षा तिथे तिची बडबड बरी. पण जाण्याआधी एक काम उरलं आहे, आणि ते मला समोरासमोर जमलं नाही, जिला सगळं तोंडावर बोलता येतं असं सगळे म्हणतात तिला.

हे पत्र मी इंग्रजीत लिहू शकले असते. माझं इंग्रजी तुम्हा सगळ्यांपेक्षा बरं आहे, नन्सनी ते पट्टीने घोटून घेतलं होतं. तू ते ट्रामची वाट बघताना वाचून खिशात घातलं असतंस. मुद्दाम मराठीत लिहिलं, कारण तुला देवनागरीत आपल्या नावापलीकडे वाचता येत नाही, आणि तुझ्या आईला तेवढंही नाही. माझं हे असलं अक्षर फोनलाही लागत नाही, मी करून पाहिलं. त्याने मला कुठल्याशा औषधाचं नाव काढून दाखवलं. पाकिटातल्या इंग्रजी चिठ्ठीवर एकच ओळ आहे: हे फक्त पापाकडून वाचून घ्यायचं, त्याच्या शेजारी बसून. म्हणजे निशी, या क्षणी तू ऐकते आहेस आणि हृषी, तू वाचतो आहेस. इतका वेळ स्वतःबद्दलचं सगळं मोठ्याने वाचलंस, आता थांबू नकोस. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी तुझ्या बाबांच्या कानांत यंत्रं बसवत होते. डावं बसलं होतं, उजवं राहिलं होतं. तेव्हा ते म्हणाले, “आत हृषीचा आवाज आला. काय म्हणाला ते नाही कळलं, पण आवाज त्याचाच होता. तोवर वाटत होतं, मला इथेच विसरून सगळे गेले. त्याला सांग, तो होता म्हणून निभावलं.” त्यांनी स्वतः का नाही सांगितलं, ते तुला मी सांगायला नको, तुम्ही बापलेक कधी यंत्रांखेरीज कशावर बोललात? मला सांग म्हणाले, आणि मी सांगितलं नाही. मी तुझं ते वाक्य ऐकलं होतं ना. मला वाटलं, थोडे दिवस जळू दे याला. मग ते गेले, आणि मग रोज सांगायला कालच्यापेक्षा जास्त उशीर झालेला असायचा. वीस महिने मी एका मेलेल्या माणसाचा निरोप दाबून बसले, आणि तेवढे महिने तू समजत राहिलास की बाबा तुझं ते बोलणं ऐकून गेले. त्याचा राग पोरीच्या कॉलेजवर निघाला. तो राग माझ्या खात्यावरचा आहे, तिच्या नव्हे. त्यांनी शब्द ऐकले नाहीत, हृषी. आवाज ऐकला. निशी, तुझ्या पापाचा आवाज इथे थांबला असेल तर बोलू नकोस. त्याचा हात घट्ट दाब. थोडं थांब. मग सावकाश सोड. आणि मग त्याला स्प्रिंगचं विचार.

आशीर्वाद, दोघांनाही.

तुझीच,
आजी